गार्ड कपाटावर, ग्राइंडर हातात

आयटीआयचा वेल्डर ट्रेड करून भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हेल्पर म्हणून लागलो. होल्डर, म्हणजे वेल्डिंगची काडी धरायची मूठ, हातात यायला तीन-चार महिने गेले. चार इंची ग्राइंडर, म्हणजे चाक फिरवून लोखंड घासायचं-कापायचं हातातलं मशीन, मात्र पहिल्याच दिवशी आला. नव्या पोरांना वाटतं वेल्डिंग धोक्याचं आणि ग्राइंडर म्हणजे नुसतं घासकाम. अकरा वर्षांत मी बघितलं ते उलटं. होल्डरला सगळे जपून असतात, ग्राइंडरला कुणी मोजतच नाही.

आमच्या शेडमध्ये तीन मशीन होती आणि तिघांचे गार्ड, म्हणजे चाकावरची अर्धगोल झाकणं, कपाटावर धूळ खात पडलेले. का, तर कोपऱ्यातला वेल्डिंगचा टाका घासताना गार्ड आड येतो. खंडेनवमीला मशीन पुसून ओळीत मांडली, झेंडू वाहिला, तेव्हा कुणीतरी गार्डही खाली काढून त्यांना हळदकुंकू लावलं. दसरा झाल्यावर काम सुरू झालं आणि गार्ड, कुंकवासकट, परत कपाटावर. कोपऱ्यात आड येत असेल तर गार्ड फिरवून बसवता येतो, दोन मिनिटांचं काम असतं. हे मला कुणी सांगितलं नाही, मशीनबरोबर आलेल्या कागदावरचं चित्र बघून कळलं.

गार्ड निघाला की पुढचा मोह मोठं चाक लावायचा. चाकावरचे बारीक आकडे एकदा वाचाच. 100 मिलिमीटरच्या कटिंग व्हीलवर साधारण 15,200 आरपीएम (मिनिटाला फेरे) छापलेलं असतं, 180 मिलिमीटरच्या, म्हणजे सात इंचीच्या चाकावर 8,500. दोन्हींचा हिशोब एकच: चाकाच्या कडेचा वेग सेकंदाला 80 मीटरच्या वर जायचा नाही. तो ताशी 288 किलोमीटर होतो. चार इंची मशीन मोकळं 11,000 च्या आसपास फिरतं. त्याला सात इंची चाक जुगाड करून बसवलं, तर कड 100 मीटरच्या पुढे जाते आणि चाक फुटू शकतं. लाकडासाठी दात्यांचं ब्लेड ग्राइंडरला लावणारेही बघितलेत. त्या मशीनजवळ मी उभा राहत नाही.

चाक चढवताना पिन काढायची, स्विच नुसता बंद करून भागत नाही. चाक हातातून पडलं असेल तर ते टाकून द्यायचं. वीस-तीस रुपयांसाठी जीव धोक्यात घालायचा नाही. नवीन चाक लावलं की मशीन अंगापासून लांब धरून मिनिटभर मोकळं फिरवायचं. आणि एक मिलिमीटरच्या कटिंग व्हीलने आडवं घासायचं नाही. ते फक्त सरळ कापायला बनवलेलं असतं, बाजूने दाब आला की तुकडे होतात. घासायला सहा मिलिमीटरचं जाड चाक घ्या. ते बदलायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, मलाही येतो.

मशीन उसळतं ते बहुतेक वेळा कापताना. मी अँगलची (काटकोनी लोखंडी पट्टीची) दोन्ही टोकं दोन विटांवर टेकवली होती आणि मधोमध कापत होतो. कट खोल गेला तसा अँगल खाली वाकला, कटाच्या दोन्ही बाजू मिटल्या आणि चाक चिमटीत सापडलं. मशीन खांद्याच्या दिशेने आलं. एक हात साइड हँडलवर ठेवून मशीन दोन्ही हातांत गच्च धरलं नसतं तर हे लिहिलं नसतं. मिस्त्री लांबूनच ओरडले, "अरे बाळा, तुकडा मोकळा लोंबू दे की!" तेच खरं. लांब भाग सी-क्लॅम्पने आवळायचा आणि कापून पडणारं टोक हवेत ठेवायचं, म्हणजे कट उघडत जातो. स्वतः चाकाच्या रेषेत उभं राहायचं नाही, थोडं बाजूला.

गॉगलबद्दल एक वेगळंच सांगतो. माझ्या डोळ्यात कण गेला तो काम संपल्यावर. गॉगल काढला, घाम पुसला आणि भुवईवर साचलेला लोखंडाचा चुरा डोळ्यात उतरला. शेजारचा म्हणाला, रुमालाच्या टोकाने काढून देतो. आमच्याकडे प्रत्येक शेडमध्ये असा एक डॉक्टर असतो. मी काढू दिला, रात्रभर डोळ्यात वाळू खुपत राहिली. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात बधिर करायचे थेंब घालून सुईच्या टोकाने कण काढला. कणाभोवती गंज धरला होता, तो खरवडायला परत बोलावलं. आता गॉगल काढण्याआधी मी मान खाली घालून आधी केस-भुवया झटकतो.

हातमोजे चामड्याचे घाला, तेही ग्राइंडरलाच. ड्रिल मशीनवर हातमोजे नकोत. बिटात धागा अडकला की बोटंही मागोमाग जातात. कडं, गळ्यातला गोफ, लोंबता गमछा घरी ठेवा.

बोर्डाचं तर विचारू नका. पिन तुटली की उघड्या वायरी सॉकेटात काडेपेटीच्या काड्या खोचून बसवायच्या, असा आमचा रिवाज होता. मशीनच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर त्याला दुहेरी इन्सुलेशन असतं आणि अर्थिंगची तिसरी वायर नसते. पण वायरच सोलली गेली, तर ते चिन्ह वाचवत नाही. नवीन ठिकाणी लागलात की बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) आहे का, तेवढं विचारून घ्या. शेठ वैतागले तरी चालेल.

एका दुपारी काम चालू असताना लाइट गेली. चालूवर लॉक केलेला स्विच तसाच ठेवून, मशीन टेबलावर टाकून मी चहाला गेलो. लाइट आली तेव्हा शेडमध्ये कुणी नव्हतं. परत आलो तर मशीन जमिनीवर, स्वतःचीच वायर कापून गप्प पडलेलं, आणि टेबलापासून दारापर्यंत कोब्यावर चाकाचा ओरखडा. तेव्हापासून लाइट गेली की आधी पिन काढतो, मग चहा. घरी मिक्सरचीसुद्धा काढतो, बायको हसते.