एन्क्रिप्टेड फोल्डरमध्ये कॉन्फ्लिक्ट कॉपी आली तर काय करायचं

आधी हे समजून घ्या की एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड सर्व्हिसमध्ये सर्व्हरला फाईलमधलं काहीच वाचता येत नाही, त्यामुळे दोघांनी एकच फाईल एकाच वेळी बदलली तर तो बिचारा ते बदल एकत्र करूच शकत नाही. तो दोन्ही कॉपी ठेवतो (त्यातली जास्तीची ती कॉन्फ्लिक्ट कॉपी) आणि मोकळा होतो, पुढचं निस्तरायचं आपण. आणि नेमकं निस्तरतानाच लोक घोळ घालतात, दोन्ही कॉपी मेलवर टाकतात, नाहीतर कुठल्यातरी ऑनलाईन कंपेअर साईटवर चढवतात, म्हणजे इतके दिवस जपलेलं एन्क्रिप्शन दोन मिनिटांत पाण्यात. तुलना करायचीच तर आपल्याच मशीनवर करा. टेक्स्ट असेल तर मेल्ड नावाचा तुलनेचा प्रोग्राम आहे, वर्डमध्ये रिव्ह्यू टॅबवर कंपेअर आहे, लिब्रेऑफिसमध्येही कंपेअर डॉक्युमेंट आहे. एक्सेलची फाईल असेल तर मात्र सरळ दोन विंडो शेजारी लावून बघा, कंटाळवाणं आहे पण चालतं.

कॉन्फ्लिक्ट कॉपीचं नाव नीट वाचायची सवय लावा. सिंकथिंग (आपल्या डिव्हाइसांमध्ये थेट फोल्डर सिंक करणारा प्रोग्राम) वापरत असाल तर नाव साधारण असं दिसतं: बजेट.सिंक-कॉन्फ्लिक्ट-20250314-101522- आणि त्यापुढे सात अक्षरं. आधी तारीख, मग वेळ (सव्वादहा वाजून बावीस सेकंद), आणि ती सात अक्षरं म्हणजे ज्या डिव्हाइसवर बदल झाला त्याच्या आयडीची सुरुवात. ती तुमच्या डिव्हाइस लिस्टमधल्या कुणाशीच जुळत नसेल तर कॉन्फ्लिक्ट राहू द्या बाजूला, आधी ग्रुपमधल्या बाकीच्यांना विचारा की हे कुणाचं मशीन. आणि अजून एक, सिंकथिंग ज्या फाईलची मॉडिफाइड वेळ जुनी तिला कॉन्फ्लिक्ट कॉपी करतं, म्हणजे एखाद्याच्या लॅपटॉपचं घड्याळ पुढे असेल तर त्याची जुनी फाईल मेन म्हणून बसते आणि तुमचं ताजं काम कॉन्फ्लिक्टमध्ये जातं. म्हणून कॉन्फ्लिक्ट कॉपी उघडून बघितल्याशिवाय डिलीट मारू नका, आणि सगळ्यांनी घड्याळ ऑटोमॅटिकवर ठेवा.

क्रिप्टोमेटर (क्लाउडवर जाण्याआधी फाईल एन्क्रिप्ट करणारा प्रोग्राम) असेल तर काम नेहमी अनलॉक केलेल्या ड्राइव्हमधूनच करायचं. क्लाउडच्या फोल्डरमध्ये जी अगम्य नावांची गर्दी दिसते तिथे हात लावायचा नाही, "ही डुप्लिकेट वाटते, काढून टाकू" असं तर अजिबातच नाही.

पासवर्ड डेटाबेस शेअर करत असाल तर काम सोपं आहे. कीपासएक्ससी या पासवर्ड मॅनेजरमध्ये मूळ फाईल उघडा, डेटाबेस मेनूतून मर्ज घ्या आणि कॉन्फ्लिक्ट कॉपी दाखवा, एन्ट्री एकत्र होतात. दोन-चार एन्ट्री उघडून खात्री करा, मग कॉपी काढा.

कॉन्फ्लिक्ट मुळात होऊच नये यासाठी माझ्या मते सगळ्यात जास्त कामाला येतं ते एकमेकांना साधं सांगणं, "मी फाईल उघडतोय" असा ग्रुपवर मेसेज. लिब्रेऑफिस लॉक फाईल बनवतं खरं, पण ती सिंक होऊन समोरच्याकडे पोचेपर्यंत त्याने फाईल उघडलेली असते. दुसरं म्हणजे सेव्ह केल्या केल्या लॅपटॉपचं झाकण बंद करू नका, अपलोड पूर्ण झाल्याची खूण दिसू द्या. मोठी एकच शीट असेल तर तिचे माणसागणिक तुकडे करा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता सिक्युरिटी. मेगासारख्या क्लाउड सर्व्हिसच्या लिंकमध्ये हॅशच्या चिन्हानंतर (#) जे लांबलचक असतं ती की, म्हणजे फाईल उघडायची किल्ली असते, ब्राउझर तो भाग सर्व्हरला पाठवत नाही, पण तुम्ही पूर्ण लिंक ग्रुपवर टाकली की कीपण तिथे गेली, म्हणून लिंक एकीकडून आणि की दुसरीकडून पाठवा. कुणाला फोल्डरमधून काढलं तरी त्याने आधी उतरवलेली कॉपी त्याच्याकडेच राहते, त्यामुळे त्यात पासवर्ड वगैरे असतील तर ते बदलाच. रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यावर कामाला येणारी किल्ली) कागदावर लिहून ठेवा, कारण पासवर्ड आणि ती दोन्ही गेले तर कंपनीसुद्धा फाईल उघडून देऊ शकत नाही. आणि "एंड-टू-एंड" लिहिलंय म्हणून डोळे झाकून भरवसा नको, 2024 मध्ये ईटीएच झुरिक या स्विस विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा पाच सर्व्हिस तपासल्या आणि सर्व्हरच हल्लेखोराच्या हातात गेला तर काय होतं ते दाखवलं, काहींमध्ये तर बाहेरून फाईल घुसवता येत होती. फोल्डरमध्ये कुणीच न टाकलेली फाईल दिसली तर ती उघडू नका, आधी विचारा.