पाइपगॅसच्या मीटरवरील आकड्यातून ऊर्जा कशी काढावी

घरगुती पाइपगॅसचा मीटर घनमीटर मोजतो, पण देशात नैसर्गिक वायूचा भाव ऊर्जेवर, म्हणजे दर एमएमबीटीयूला (ऊर्जेचे एकक, दहा लाख बीटीयू) इतके डॉलर असा ठरतो. एकावरून दुसरे काढायचे तर वायू कोणत्या दाबाला व तापमानाला मोजला, त्याचे कॅलरीमूल्य (जळल्यावर मिळणारी उष्णता) किती आणि ते मूल्य एकूण आहे की निव्वळ, हे आधी ठाऊक असावे लागते. हिशेब बहुधा या शेवटच्या प्रश्नावरच फसतो.

सुरुवात आकारमानापासून करावी. वायू दाबाने आकसतो आणि उष्णतेने फुगतो, त्यामुळे नुसत्या एका घनमीटरात किती वायू आहे हे सांगता येत नाही. म्हणून १५ अंश सेल्सिअस आणि १०१३.२५ मिलिबार या स्थितीतले आकारमान प्रमाण धरतात. बिलावरील ‘एससीएम’ म्हणजे हेच प्रमाण घनमीटर. मीटरवरील वापराला, हवेचा दाब आणि नळीतील त्याहून जादा दाब यांच्या मिलिबारमधील बेरजेने गुणून १०१३.२५ ने भागावे, मग २८८.१५ ने गुणून, वायूच्या सेल्सिअस तापमानात २७३.१५ मिळवून येणाऱ्या संख्येने भागावे.

घरात वायू साधारण २१ मिलिबार जादा दाबाने येतो. मुंबईत समुद्रसपाटीला ३० अंश तापमान धरले, तर गुणक सुमारे ०.९७ येतो. पुण्यात, सुमारे ५६० मीटर उंचीवर, हवेचा दाब ९४८ मिलिबारच्या आसपास असतो; तेवढ्याच तापमानाला तिथे गुणक ०.९१ भरतो. म्हणजे मीटरवर १०० घनमीटर दिसले, तर मुंबईत ९७ आणि पुण्यात ९१ प्रमाण घनमीटर वायू वापरला गेला. उंचीचा हा परिणाम लहान नाही, आणि घाटमाथ्यावरच्या ग्राहकाने तो अवश्य तपासावा. मात्र बिलात असा गुणक आधीच लावलेला असेल, तर तो पुन्हा लावू नये.

पुढचा प्रश्न कॅलरीमूल्याचा. पूर्वी वायू कॅलरीमापीत जाळून वाहत्या पाण्याचे तापमान किती वाढते ते पाहत. आता वायू क्रोमॅटोग्राफ घटकांचे प्रमाण काढतो आणि त्यावरून मूल्य मोजले जाते. एका प्रमाण घनमीटरात मिथेनचे एकूण कॅलरीमूल्य सुमारे ९,००० किलोकॅलरी, इथेनचे १५,८०० आणि प्रोपेनचे २२,५०० असते. नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांचे शून्य. समजा, मिथेन ९२ टक्के, इथेन ५ टक्के, प्रोपेन १.५ टक्के आणि उरलेला भाग न जळणारा आहे. प्रत्येकाचे मूल्य त्याच्या वाट्याने गुणून बेरीज केली की सुमारे ९,४०० किलोकॅलरी मिळतात. वायूचा स्रोत बदलला की हा आकडा बदलतो, म्हणून शक्य तेव्हा बिलावर किंवा पुरवठादाराकडे त्या काळाचे मूल्य पाहावे.

वायू जळताना पाणी तयार होते आणि ते वाफेच्या रूपाने उष्णता घेऊन जाते. ती उष्णता धरली तर एकूण मूल्य, म्हणजे जीसीव्ही. वगळली तर निव्वळ मूल्य, म्हणजे एनसीव्ही. नैसर्गिक वायूत निव्वळ मूल्य एकूण मूल्याच्या सुमारे ९० टक्के असते. २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून देशांतर्गत वायूचा भाव जीसीव्हीवर ठरतो. त्यामुळे भावाच्या हिशेबात एनसीव्ही घुसडल्यास उत्तर सरळ १० टक्क्यांनी चुकते.

आता रूपांतर. एक एमएमबीटीयू म्हणजे दहा लाख बीटीयू, अर्थात सुमारे २,५२,००० किलोकॅलरी किंवा २९३ किलोवॅट-तास. एक किलोवॅट-तास म्हणजे ८६० किलोकॅलरी. महिन्याला १५ एससीएम वापर आणि ९,४०० चे मूल्य धरले, तर ऊर्जा १,४१,००० किलोकॅलरी होते: ०.५६ एमएमबीटीयू, किंवा १६४ किलोवॅट-तास. विजेच्या युनिटांशी तुलना करताना लक्षात ठेवावे की ही वायूत असलेली ऊर्जा आहे. शेगडीच्या ज्वाळेची बरीच उष्णता भांड्याच्या बाजूने निघून जाते.

भावासाठी २,५२,००० ला ९,४०० ने भागावे; एका एमएमबीटीयूत २६.८ एससीएम येतात. एप्रिल २०२३ मध्ये जुन्या वायुक्षेत्रांतील वायूच्या भावाला सुरुवातीची दोन वर्षे एमएमबीटीयूमागे ६.५ डॉलरची कमाल मर्यादा ठरली होती. डॉलर ८५ रुपये धरल्यास ती एससीएममागे सुमारे २०.६० रुपये पडते. त्यात वाहतूक, कर आणि शहरातील वितरणाचा खर्च नाही, म्हणून बिलावरचा दर याहून बराच जास्त दिसतो.

सिलिंडरशी तुलनाही याच मार्गाने होते. एलपीजीचे एकूण मूल्य किलोमागे सुमारे ११,९०० किलोकॅलरी धरले, तर १४.२ किलोच्या सिलिंडरात १,६९,००० किलोकॅलरी, म्हणजे ९,४०० च्या वायूचे साधारण १८ एससीएम होतात.