घरी भाजलेला ब्रेड आणि हिवाळ्यातले सूप एकाच वेळी टेबलावर कसे आणावे

सूप आणि ताजा ब्रेड एकत्र करायचे ठरले की हात आधी सूपकडे वळतो, कारण ते ओळखीचे काम असते. मग ब्रेड भाजून होईपर्यंत सूप निवते, किंवा भुकेपोटी ब्रेड ओव्हनमधून निघताच कापला जातो आणि आतून चिकट लागतो. क्रम उलटा ठेवला तर ही ओढाताण होत नाही. ब्रेडला श्रम थोडे आणि वेळ पुष्कळ लागतो. भाजल्यानंतर त्याला तासभर निवू द्यावे लागते, आणि तेवढ्या अवधीत सूप आरामात तयार होते. खालील प्रमाण चार जणांना पुरेसे आहे आणि थोडा ब्रेड उरतोही.

आदल्या रात्री पीठ भिजवावे

मोठ्या भांड्यात ४०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कणीक, १० ग्रॅम मीठ आणि साधारण १ ग्रॅम, म्हणजे पाव छोटा चमचा, इन्स्टंट यीस्ट कोरडेच एकत्र करावे. पीठ शक्यतो वजनकाट्यावर मोजावे, कारण वाटी दाबून भरली की सैल, यावर वजन बरेच बदलते आणि पाण्याचे सगळे गणित बिघडते. आता ३७५ मिलिलिटर कोमट पाणी घालून कोरडे पीठ कुठेही दिसेनासे होईपर्यंत चमच्याने हलवावे. पाणी बोटाला जेमतेम ऊबदार लागले पाहिजे. साधारण ५५ अंश सेल्सिअसच्या पुढे यीस्ट मरते आणि मग कितीही वाट पाहिली तरी पीठ फुगत नाही.

हे मिश्रण पोळीच्या कणकेपेक्षा पुष्कळच सैल आणि चिकट दिसेल. ते तसेच असायला हवे, त्यामुळे वरून पीठ घालण्याचा मोह टाळावा. मळण्याचीही गरज नाही, कारण ओलसर पिठाला रात्रभर वेळ मिळाला की त्यातील प्रथिनांचे लवचीक जाळे, म्हणजेच ग्लूटेन, आपोआप तयार होते. भांडे झाकून ठेवावे. स्वयंपाकघर २० ते २२ अंशांवर असेल तर पीठ १२ ते १४ तासांत तयार होते, अधिक थंडी असेल तर १८ तासही लागू शकतात. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहणे अधिक खात्रीचे असते: ते दुप्पट झालेले असावे, पृष्ठभागावर बुडबुडे दिसावेत आणि भांडे हलवल्यावर ते थरथरावे. थंडी फारच असेल तर बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून भांडे आत ठेवता येते. थंडी आहे म्हणून यीस्ट वाढवणे मात्र मला पटत नाही; पीठ लवकर फुगते खरे, पण सावकाश आंबल्याने येणारी चव हातची जाते.

सकाळी आकार द्यावा आणि भाजावे

ओट्यावर भरपूर पीठ भुरभुरून त्यावर भांडे उपडे करावे, चारही कडा मध्यभागी दुमडाव्यात आणि गोळा उलटवून, दोन्ही तळव्यांनी आपल्याकडे ओढत, त्याची वरची बाजू ताणून घट्ट करावी. हा गोळा बेकिंग पेपरवर ठेवून झाकावा आणि तासभर पुन्हा फुगू द्यावा. ओल्या बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला, तर तो भाजण्यास योग्य झाला असे समजावे. खळगा लगेच भरून आला तर आणखी थांबावे.

शेवटची ३० मिनिटे ओव्हन २३० अंशांवर तापवावा आणि त्यातच झाकणासह एक जाड बुडाचे लोखंडी भांडे तापत ठेवावे. ब्रेडचे यश या भांड्यावर बरेच अवलंबून असते. पिठातून निघणारी वाफ झाकणाखाली कोंडली जाते, त्यामुळे वरचा थर काही काळ मऊ राहतो आणि ब्रेडला पूर्ण फुगण्याची संधी मिळते. झाकण नसेल तर तो थर लवकर कडक होऊन ब्रेड बसका राहतो किंवा बाजूने फाटतो. गोळ्यावर धारदार पात्याने सुमारे १ सेंटिमीटर खोल चीर द्यावी, कागदासह तो तापलेल्या भांड्यात सोडावा, झाकण लावून ३० मिनिटे आणि झाकण काढून आणखी १५ मिनिटे भाजावे. भांड्याचे झाकण व कान या काळात भयंकर तापलेले असतात, म्हणून जाड हातमोजे अनिवार्य समजावेत. रंग फिकट तांबूस होताच ब्रेड बाहेर काढण्याची घाई करू नये, गडद तपकिरी कवचातच खरी चव असते. तळाशी टकटक केल्यावर पोकळ आवाज आला, किंवा थर्मामीटर असल्यास आतील तापमान ९६ अंशांच्या आसपास दिसले, की ब्रेड झाला.

तो जाळीवर काढून तासभर हात लावू नये. आतील पिष्टमय भाग या काळात घट्ट बसतो आणि उरलेली वाफ बाहेर पडते. आधी कापल्यास सुरीला गोळा चिकटतो.

ब्रेड निवत असताना सूप

ओव्हन तापलेला आहेच, तो २०० अंशांवर आणून ७०० ग्रॅम लाल भोपळ्याच्या फोडी आणि न सोललेल्या लसणाच्या ४ पाकळ्या थोडे तेल चोळून ३० मिनिटे भाजायला ठेवाव्यात. भाजल्याने भोपळ्यातील पाणी आटते आणि गोडवा दाट होतो, जो नुसत्या उकडण्याने मिळत नाही. दरम्यान २ मोठे कांदे बारीक चिरून तेलात, चिमूटभर मिठासह, मंद आचेवर १५ मिनिटे मऊ होऊ द्यावेत. त्यात १०० ग्रॅम धुतलेली मसूर डाळ, एक तमालपत्र आणि १ लिटर पाणी घालून डाळ गळेपर्यंत, साधारण २० ते २५ मिनिटे, मंद शिजवावे. लिंबाचा रस या टप्प्यावर घालू नये, कारण आंबट पदार्थामुळे डाळ मऊ व्हायला वेळ लागतो.

तमालपत्र काढून भाजलेला भोपळा आणि सोललेला लसूण त्यात मिसळावा आणि सूप वाटावे. गरम सूप मिक्सरमध्ये वाटताना भांडे निम्म्यापेक्षा जास्त भरू नये आणि झाकणाचे छिद्र उघडे ठेवून वर फडके धरावे, अन्यथा वाफेच्या दाबाने झाकण उडते. शेवटी मीठ, मिरपूड आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा.

उरलेले सूप दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवल्यास तीन दिवस चांगले राहते. डाळीमुळे ते घट्ट होते, म्हणून गरम करताना थोडे पाणी घालून मीठ पुन्हा चाखावे. ब्रेड मात्र फ्रीजमध्ये अधिक लवकर शिळा होतो. तो दोन दिवस फडक्यात गुंडाळून बाहेरच ठेवावा, किंवा काप करून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि हवे तेवढेच काप थेट टोस्टरमध्ये भाजावेत.