कार्ड परत फ्लॅश करायची घाई करू नका

ईएनटीसी डिप्लोमा करून भोसरीत एका छोट्या ऑटोमेशनवाल्याकडे लागलो तेव्हा "लिनक्स येतं" असं रेझ्युमेवर ठोकून दिलं होतं. येत काय होतं तर एलएस, सीडी आणि मेमरी कार्डवर इमेज फ्लॅश करणं, म्हणजे तयार सिस्टम कार्डवर उतरवणं. खरं सांगतो, पहिले सहा महिने तेवढ्यावर भागलं पण, कारण रास्पबेरी पाय (छोटा एका बोर्डाचा संगणक, सगळी सिस्टम मेमरी कार्डवर) बिघडला की कार्ड काढायचं, परत फ्लॅश करायचं, आपली स्क्रिप्ट टाकायची, विषय संपला. हल्ली एम्बेडेडमध्ये (यंत्रांत बसवलेल्या छोट्या संगणकांच्या कामात) येऊ बघणारी पोरं विचारतात दादा काय शिकू, कुठला कोर्स लावू, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कोर्सचं मला विचारू नका, मी केलेला नाही. माझा कोर्स एका दुपारी झाला.

(कमांड मी तोंडाने बोलतो तशाच लिहिल्यात, टाइप करताना तुमचं तुम्ही बघून घ्या.)

२०२३ चा मे महिना. एका कारखान्याच्या पॅनलमध्ये आमचा पाय ४ बसवलेला, यूएसबीला आरएस-४८५ कन्व्हर्टर (मीटरच्या वायरी जोडायचा), त्यातनं सहा एनर्जी मीटर वाचायचे आणि आकडे वायफायवरून पुढं पाठवायचे. पॅनल लोखंडी, आतल्या आत वायफायला रेंज कुठून येणार, म्हणून अँटेना बाहेर काढलेला यूएसबी डोंगल लावलेला. त्या डोंगलचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नव्हता, सोर्स आणून आम्हीच कंपाइल केला होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे.

मी गेलो होतो एक मीटर बदलायला. आलोच आहे तर अपडेट पण मारून टाकू म्हणून सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड केलं, भली मोठी यादी आली, त्यात कर्नल पण होता, न वाचता वाय दाबलं, रीबूट. आणि पाय नेटवर्कवरून गायब. माझ्या डोक्यात एकदम हेच आलं की बूट झाला नाही, कर्नल फुटला. आता मागे वळून बघितलं तर तो व्यवस्थित बूट होऊन माझी वाट बघत बसला होता, फक्त वायफाय उठलं नव्हतं, पण हे तपासायचं सोडून मी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं.

बूट पार्टिशन फॅट असतं त्यामुळे ते विंडोजमध्ये पण उघडतं, हे सोयीचं आहे आणि धोक्याचं पण. त्यातल्या सीएमडीलाइन डॉट टीएक्सटीमध्ये (कर्नलला बूट होताना मिळणाऱ्या सूचना) आयपी= लिहून नेटवर्कचा पत्ता ठरवून देता येतो एवढं मला ऐकून माहीत होतं, म्हटलं पत्ता देऊ आणि लॅन केबलने आत शिरू. नोटपॅडमध्ये फाइल उघडली, एकच लांबलचक ओळ, बघायला घाण दिसत होती, म्हणून कन्सोल=टीटीवाय१ च्या पुढं एंटर मारलं, आयपीचं लिहिलं, सेव्ह. आता मात्र तो खरंच बूट होईना.

सिनियरला फोन लावला. मी सुरू केलं, सर कर्नल करप्ट झालाय वाटतं. ते म्हणाले, "वाटतंय काय ते नंतर सांग, दिसतंय काय ते सांग. हिरवा दिवा कसा लुकलुकतोय?"

तोवर तो दिवा मी कधी बघितलाच नव्हता. पाय ४ मध्ये काय होतं तर बोर्डवरच्या ईईप्रॉममधला (बोर्डवरचीच छोटी कायमची मेमरी) बूटलोडर आधी उठतो, तो कार्डवरचं फॅट पार्टिशन वाचतो, स्टार्ट४ डॉट ईएलएफ नावाचं फर्मवेअर उचलतो, ते कॉन्फिग डॉट टीएक्सटी वाचतं, त्याप्रमाणे कर्नलची फाइल मेमरीत टाकतं, सीएमडीलाइनमधली ओळ कर्नलच्या हातात देतं, मग कर्नल रूट पार्टिशन (जिथं बाकी सगळी ओएस असते) शोधतो आणि तिथनं पुढं सिस्टमडी सर्व्हिसेस चालू करतं. ह्यात फर्मवेअरची फाइल नाही मिळाली तर दिवा चार वेळा छोटा लुकलुकतो, कर्नलची नाही मिळाली तर सात वेळा. माझा दिवा थोडा वेळ कसाही लुकलुकला आणि गप झाला, म्हणजे अशी मोजणी नव्हतीच. "मग कर्नल लोड झालाय, त्याच्या पुढं अडकलंय, स्क्रीन लाव," म्हणाले.

स्क्रीन कुठली. पाय ४ ला मायक्रो एचडीएमआय लागते आणि अख्ख्या कारखान्यात ती केबल नव्हती. शेवटी बॅगेत यूएसबी-टीटीएल केबल (पायचे मेसेज थेट लॅपटॉपवर वाचायची) सापडली, ती पुण्याच्या तपकीर गल्लीतनं, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातनं, आणून नुसतीच पडली होती. एंबेडेडमध्ये येणाऱ्याने पहिल्या पगारात ही घ्या, मोबाइल नंतर. कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये एनेबल अंडरस्कोर यूएआरटी=१ लिहिलं, काळी वायर सहा नंबरच्या पिनवर, आठ नंबरची पिन म्हणजे पायचा टीएक्स तो केबलच्या आरएक्सला, दहा नंबरचा आरएक्स केबलच्या टीएक्सला, लाल वायर मोकळी सोडून दिली. केबल ३.३ व्होल्टवालीच पाहिजे, पाच व्होल्ट पिनवर गेले तर बोर्ड जाऊ शकतो. लॅपटॉपवर स्पीड ११५२००.

पॉवर दिली आणि पहिल्यांदा आयुष्यात कर्नलला बोलताना ऐकलं. ओळी धावल्या आणि शेवटी कर्नल पॅनिक, अनेबल टू माउंट रूट एफएस. इथं नवीन माणूस शेवटची ओळ वाचतो आणि रूट पार्टिशन गेलं म्हणून रडतो, मी पण तेच करणार होतो. सरांनी वर स्क्रोल करायला लावलं. सुरुवातीच्या ओळींत "कर्नल कमांड लाइन" अशी एक ओळ असते. तिच्यात फर्मवेअरने स्वतःचं बरंच काही जोडलेलं आणि शेवटी कन्सोल=टीटीवाय१, बस, संपलं. रूट= चा पत्ता नाही, रूटवेट पण नाही, माझ्या आयपीचं पण नाही. मी मारलेल्या एंटरच्या पुढचं सगळं हवेत! ती फाइल एका ओळीतच असावी लागते, कितीही घाण दिसली तरी.

ओळ जोडली, बूट झाला, लॅनने आत गेलो. आता मूळ दुखणं. यूनेम मायनस ए (चालू कर्नल कुठला ते सांगतं) मारलं तर ६.१.२१-व्ही८+ आणि एआर्च६४, म्हणजे ६४ बिट. गेटकॉन्फ लाँग अंडरस्कोर बिट (वरचे प्रोग्राम किती बिटचे) मारलं तर ३२. चक्रावलो ना? आमची ओएस ३२ बिटची होती, पण नव्या फर्मवेअरने पाय ४ वर आपसूक ६४ बिटचा कर्नल उचलायला सुरुवात केली होती. वरचे प्रोग्राम ३२ बिटचेच, त्यामुळे बाकी सगळं नीट चालत होतं, फक्त आमचा घरगुती ड्रायव्हर मेला. तो जुन्या कर्नलसाठी बनवलेला, नव्याला तो चालणारच नव्हता, आणि परत कंपाइल करायला गेलो तर कंपायलर ३२ बिटचा आणि कर्नल ६४ चा, एररचा पाऊस. एलएस स्लॅश लिब स्लॅश मॉड्यूल्स केलं तेव्हा एकाच नंबरचे चार फोल्डर दिसले, साधा प्लस, व्ही७+, व्ही७एल+ आणि व्ही८+, म्हणजे चारही कर्नल कार्डवर होतेच, कुठला उचलायचा एवढाच प्रश्न. कॉन्फिग डॉट टीएक्सटीमध्ये आर्म अंडरस्कोर ६४बिट=०, रीबूट, व्ही७एल+ आला, हेडर्स (ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) टाकून ड्रायव्हर परत बनवला, वायफाय आलं. नंतर तो ड्रायव्हर डीकेएमएसमध्ये घातला, म्हणजे कर्नल बदलला की तो आपोआप परत बनतो, निदान प्रयत्न तरी करतो. चूक कुणाची म्हणाल तर माझीच, चालू पॅनलवर यादी न वाचता वाय दाबणारा मीच.

त्याच दिवशी मी कार्ड परत फ्लॅश केलं असतं तर अर्ध्या तासात घरी गेलो असतो, आणि पुढच्या अपग्रेडला परत तिथंच आपटलो असतो.

अजून एकदोन गोष्टी ज्यात नवीन पोरं हमखास अडकतात. ऑक्टोबर २०२३ ला रास्पबेरी पाय ओएसचं बुकवर्म व्हर्जन आलं तेव्हापासून कॉन्फिग आणि सीएमडीलाइन ह्या दोन्ही फाइली स्लॅश बूट स्लॅश फर्मवेअरमध्ये गेल्यात. जुनं ट्युटोरियल बघून स्लॅश बूटमधली उघडाल तर आत लिहिलेलंच आहे की फाइल हलवलीय, पण तेवढं वाचतो कोण. जुन्या कार्डांवर बूट पार्टिशन २५६ एमबीचंच असतं, ते भरलं की कर्नल अर्धवट कॉपी होतो, म्हणून अपग्रेडच्या आधी डीएफ मायनस एच मारा, किती जागा उरलीय ते दिसतं. आरपीआय-अपडेट कुणी सुचवलं तर हात लावू नका, ते टेस्टिंगच्या कर्नलसाठी आहे, रोजच्या अपडेटसाठी नाही. कधी बूट होतो कधी नाही असं असेल तर कर्नलला शिव्या द्यायच्या आधी व्हीसीजेनसीएमडी गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड बघा, उत्तर शून्य नसेल आणि ५०००० वगैरे दिसलं तर व्होल्टेज पडतंय, मोबाइलचा चार्जर काढा आणि ५ व्होल्ट ३ अँपियरचा नीट ॲडॉप्टर लावा. आणि ट्रायबूट शिकून घ्या, कॉन्फिगची कॉपी ट्रायबूट डॉट टीएक्सटी नावाने करून त्यात बदल करायचे आणि सुडो रीबूट "० ट्रायबूट" मारायचं, मग तो फक्त त्या एका बूटला नवी फाइल वाचतो, अडकला तर पॉवर बंद-चालू केली की परत जुन्यावर. हे मला त्या दिवशी माहीत असतं तर सोन्याहून पिवळं.

पुढच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला लिनक्सचा एकच प्रश्न आला, पॉवर दिल्यापासून लॉगिन येईपर्यंत काय काय होतं. मी कागद मागून घेतला, हिरव्या दिव्यापासून सुरू केलं, एंटरची गोष्ट पण सांगितली. समोरचे हसले आणि पगारावर आले.

आता आमच्याकडे नवीन कुणी आलं की मी पहिल्या दिवशी सीएमडीलाइनमध्ये एंटर मारलेलं कार्ड आणि टीटीएल केबल हातात देतो, काही सांगत नाही. परवा आलेल्या पोरीने बारा मिनिटांत काढलं. मला चार तास लागले होते, त्यातला दीड तास मायक्रो एचडीएमआयची केबल शोधण्यात.