झिजलेल्या गुडघ्यासाठी व्यायाम: सुरुवात कशी करावी, किती करावा आणि कुठे थांबावे

गुडघ्याचा एक्स-रे पाहून ‘गॅप कमी झाली आहे’ किंवा ‘गुडघ्यातले वंगण संपले आहे’ असे ज्याला सांगितले जाते, त्याच्या मनात एकच अर्थ पक्का बसतो: हा सांधा जेवढा कमी वापरू तेवढा तो जास्त टिकेल. या समजुतीने रुग्णांचे फार नुकसान होते, म्हणून व्यायाम सांगण्याआधी ती दूर करणे मला आवश्यक वाटते. सांध्यातला द्रव संपत नाही. उलट सुजलेल्या गुडघ्यात तो नेहमीपेक्षा जास्त साठलेला असतो. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा पातळ होते हे खरे आहे, परंतु कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचे पोषण सांध्यातील द्रवातूनच होते, आणि सांध्यावर भार आला व उतरला, पुन्हा आला व उतरला, तरच तो द्रव कूर्चेत खेळता राहतो. विश्रांतीने कूर्चा परत वाढत नाही. मांडीचे स्नायू मात्र काही आठवड्यांतच रोडावतात, आणि चालताना जो धक्का स्नायूंनी झेलायचा तो सांध्याला सोसावा लागतो.

एक्स-रे आणि दुखणे यांचे नातेही वाटते तेवढे घट्ट नाही. केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ साली मांडलेली शून्य (झीज नाही) ते चार (सर्वांत जास्त झीज) ही श्रेणी आजही अहवालांत लिहिली जाते, पण ती हाडांतला बदल सांगते, माणसाची क्षमता सांगत नाही. तिसऱ्या श्रेणीची एखादी व्यक्ती तासभर चालून येते आणि दुसऱ्या श्रेणीची व्यक्ती जिन्याची पहिली पायरी चढताना कठडा सोडत नाही, हे फिजिओथेरपीच्या खोलीत वारंवार दिसते. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०२२ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या, म्हणजे झिजेच्या संधिवाताच्या, सर्व रुग्णांना त्यांच्या गरजेनुसार आखलेला व्यायाम द्यावा असे म्हटले आहे, आणि सुरुवातीला दुखणे थोडे वाढू शकते हे रुग्णाला समजावून सांगावे असेही त्यात नमूद आहे. हा दुसरा मुद्दा मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण व्यायाम सोडून देणारे कितीतरी जण सुरुवातीच्या याच दुखण्याला घाबरून तो सोडतात.

अपेक्षाही नेमकी ठेवावी. व्यायामाने झीज भरून निघत नाही. दुखणे कमी होते आणि उठणे, चालणे, चढणे सोपे होते, तेही बहुतेकांना सहा ते आठ आठवडे नियमाने केल्यावर जाणवते. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ४४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र केले होते, आणि त्यात दिसलेला फायदा व्यायामवर्ग संपल्यानंतरही दोन ते सहा महिने टिकून होता. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०२० साली आलेल्या १५६ रुग्णांच्या चाचणीत, गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा फिजिओथेरपी घेतलेल्यांचे दुखणे आणि हालचालीतली अडचण वर्षाअखेरीस कमी आढळली.

सुरुवात करण्यापूर्वी

गुडघा लाल व गरम होऊन ताप आला असेल, पडल्यानंतर पायावर भारच टाकता येत नसेल, गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, किंवा पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली असेल, तर व्यायाम सुरू न करता आधी डॉक्टरांना दाखवावे. सकाळचा आखडलेपणा झिजेच्या संधिवातात साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत सुटतो. तो तासन्‌तास राहत असेल किंवा हातांचे लहान सांधेही सुजत असतील, तर आजार वेगळा असू शकतो. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असल्यासही डॉक्टरांची संमती घ्यावी. शक्य असेल त्यांनी पहिल्या काही खेपा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली कराव्यात, कारण आपला गुडघा आत झुकतो आहे की नाही हे आपल्याला स्वतःला सहसा दिसत नाही.

पहिल्या दिवशी एक मोजमाप करून तारखेसह लिहून ठेवावे. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसावे, हात छातीवर घ्यावेत, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. आकडा चार आला तरी खट्टू होऊ नये, तो फक्त सुरुवातीचा आकडा आहे. हातांच्या आधाराशिवाय एकदाही उठता येत नसेल, तर ‘शून्य’ असे प्रामाणिकपणे लिहावे.

दुखण्याचे माप

सगळ्या मार्गदर्शनातला हा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. अजिबात न दुखणे म्हणजे शून्य आणि कल्पना करता येईल तेवढे दुखणे म्हणजे दहा, असे धरून व्यायाम करताना आपल्या दुखण्याला गुण द्यावेत. दोनपर्यंतचे दुखणे निर्धास्तपणे चालू द्यावे, पाचपर्यंतचे स्वीकारावे, आणि त्यापलीकडे गेल्यास हालचाल लहान करावी किंवा भार कमी करावा. परंतु खरा निकाल व्यायामाच्या वेळी लागत नाही, तो दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. वाढलेले दुखणे २४ तासांच्या आत मूळ पातळीवर आले आणि सूज वाढली नाही, तर कालची मात्रा योग्य होती असे समजावे. गुडघा आदल्या दिवसापेक्षा जड, सुजलेला आणि जास्त दुखरा वाटला, तर व्यायाम चुकीचा होता असे नव्हे, मात्रा जास्त झाली होती. औषधाची गोळी जास्त झाली म्हणून आपण औषधच फेकून देत नाही, अर्धी करतो. व्यायामाचेही तसेच करावे.

मांडी आणि पोटरीच्या मांसल भागात एक-दोन दिवस राहणारा ठणका हा स्नायूंचा असतो आणि तो अपेक्षित आहे. सांध्याच्या आत उठणारी तीव्र कळ वेगळी, आणि हा फरक थोड्या सवयीने ओळखता येतो. वाकवताना होणारा कटकट आवाज मात्र, त्याबरोबर कळ येत नसेल तर, मनावर घेऊ नये.

पहिले दोन आठवडे: मांडीचा स्नायू जागा करणे

गुडघा सुजला आणि दुखू लागला की मांडीच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे क्वाड्रिसेप्सला, मिळणारा मज्जासंदेश मंदावतो. माणसाने कितीही जोर लावला तरी तो स्नायू पुरता आवळला जात नाही. म्हणून पहिला व्यायाम अगदी साधा दिसतो, आणि साधा दिसतो म्हणून तो उरकला जातो. पाय लांब करून बसावे, गुडघ्याच्या लवणीखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवावी आणि लवणीने ती गुंडाळी खाली दाबावी. गुडघ्याच्या वाटीच्या किंचित वर, मांडीच्या आतल्या बाजूला, दोन बोटे ठेवावीत. स्नायू नीट आवळला गेला तर बोटांखाली थेंबाच्या आकाराचा कडक उंचवटा तयार होतो आणि वाटी मांडीकडे सरकते. बोटांखाली मऊच लागत असेल तर गुंडाळी स्नायूने नाही, टाचेने किंवा कमरेने दाबली जात आहे. दुसऱ्या पायावर तोच उंचवटा तपासून फरक पाहावा. पाच ते दहा सेकंद आवळून धरावे, मोठ्याने आकडे मोजावेत म्हणजे श्वास रोखला जात नाही, आणि असे दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा करावे.

त्याच्या जोडीला पाठीवर झोपून टाच गादीवरून नितंबाकडे सरकवत गुडघा जमेल तेवढा वाकवावा व पुन्हा पूर्ण सरळ करावा. पूर्ण सरळ होणे विशेष महत्त्वाचे आहे. रात्री गुडघ्याखाली उशी ठेवल्याने बरे वाटते, पण तशी सवय लागली तर गुडघा किंचित वाकलेल्या स्थितीतच आखडतो आणि मग प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू विनाकारण राबत राहतो. एक पाय वाकवून दुसरा सरळ पाय वीतभर उचलणे, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर नेणे आणि गुडघे वाकवून पाठीवर झोपल्यावर कंबर उचलणे, हे तीन व्यायाम याच काळात घ्यावेत. शेवटचे दोन कमरेच्या व नितंबाच्या स्नायूंसाठी आहेत. ते कमजोर असले की उभ्या पायावर तोल जातो आणि त्याचा ताण गुडघ्यावर येतो.

खुर्चीवरून उठणे

मला एकच व्यायाम सांगण्याची मुभा असती तर मी हा सांगितला असता, कारण तो व्यायामही आहे आणि दिवसभराचे कामही. खुर्चीच्या कडेला सरकून बसावे. पावले गुडघ्यांच्या थोडी मागे आणि कमरेइतक्या अंतरावर ठेवावीत. पाठ न वाकवता कमरेतून पुढे झुकावे, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत. झुकण्याची भीती वाटते म्हणून लोक सरळ वर उठू पाहतात आणि तिथेच गुडघ्यात कळ येते. दोन्ही टाचांवर सारखा भार देत उठावे. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहते का, हे समोर आरसा ठेवून पाहावे. ती अंगठ्याच्या आत झुकत असेल तर मांड्यांभोवती रबरी पट्टा बांधून तो बाहेर ताणत उठण्याचा सराव करावा. बसताना तीन आकडे मोजत सावकाश खाली यावे, शेवटच्या चार बोटांच्या अंतरात धपकन पडू नये, कारण स्नायूंना जी ताकद हवी असते ती या उतरण्यातच मिळते.

खुर्ची बुटकी असेल तर घट्ट उशी ठेवून बैठक उंच करावी आणि जमू लागेल तशी उशी पातळ करत जावी. आठ ते बारा वेळा उठ-बस, मध्ये एक-दोन मिनिटांची विश्रांती, असे दोन ते तीन फेरे, आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून करावेत. शेवटच्या दोन उठण्यांना कष्ट पडले पाहिजेत. बारा वेळा सहज झाले तर बैठक खाली आणावी किंवा दुखऱ्या पायावर थोडा जास्त भार द्यावा. फार जड वजने उचलण्याची मात्र गरज नाही: २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत दीड वर्षाच्या शेवटी भारी वजनांचा व्यायाम हलक्या वजनांपेक्षा सरस ठरला नाही.

पायरी, तोल आणि चालणे

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून चार इंचांच्या भक्कम पाटावर किंवा पायरीवर चढ-उतार सुरू करावा, हात कठड्याजवळ ठेवावा आणि चढताना खालच्या पायाने उसळी घेऊ नये. टेबलाला बोटे टेकवून टाचा उचलणे आणि एका पायावर दहा-वीस सेकंद उभे राहणे याच वेळी जोडावे. डेन्मार्कमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या ‘ग्लॅड’ या कार्यक्रमात सहा आठवड्यांत देखरेखीखालचे बारा वर्ग होतात आणि त्यांत गुडघा पावलाच्या रेषेत ठेवण्यावरच भर असतो. ताकदीइतकाच हा ताबाही कमावावा लागतो. रोजच्या जिन्यावर दुखणे जास्त असेल तोपर्यंत चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी टाकावा.

चालण्याच्या बाबतीत लोक एका दिवशी दोन तास चालतात आणि पुढचे चार दिवस घरात बसतात. त्यापेक्षा दहा मिनिटांनी दुखणे सुरू होत असेल तर आठ मिनिटे चालावे, बसावे, पुन्हा आठ मिनिटे चालावे, आणि दर आठवड्याला त्यात एक-दोन मिनिटांची भर घालावी. काठी घ्यायची असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. त्याच बाजूच्या हातात धरल्याने पुरेसा भार उतरत नाही. चालणे अजिबात सोसत नसेल त्यांना स्थिर सायकल किंवा कमरेइतक्या पाण्यातले चालणे सोपे जाते. सायकलची बैठक एवढी उंच ठेवावी की पेडल तळाशी असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहील.

वजन जास्त असेल त्यांच्यासाठी एक हिशोब उपयोगी आहे: शरीराचे वजन एक किलोने उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा दाब सुमारे चार किलोंनी कमी होतो. अमेरिकेत ४५४ जणांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्यांचे दुखणे केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाले होते.

दुखणे उसळते तेव्हा

हे होणारच, आणि ते झाले म्हणजे सगळे वाया गेले असे नाही. उठ-बस आणि पायरी दोन-तीन दिवस थांबवावी, पण टॉवेल दाबणे, टाच सरकवणे आणि घरातल्या घरात थोडे चालणे चालू ठेवावे. सूज असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा, नुसता आखडलेपणा असेल तर शेक बरा वाटतो. परत सुरुवात करताना जिथे थांबलो होतो तिथून नव्हे, त्याच्या निम्म्या आकड्यापासून करावी आणि आठवडाभरात पूर्वीच्या आकड्यावर यावे. आठवडा उलटूनही गुडघा शांत झाला नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवावा.

सहा आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनी तीच खुर्ची, तेच ३० सेकंद, आणि पहिल्या दिवशी लिहिलेला तोच आकडा समोर ठेवून मोजमाप पुन्हा करावे. आकडा वाढला असेल तर आठवड्यातून दोन दिवसांचा क्रम पुढे कायम ठेवावा, कारण सोडल्यावर मिळवलेली ताकद हळूहळू ओसरते. बारा आठवडे नेटाने करूनही चालणे आणि झोप दोन्ही बिघडलेलीच असतील, तर अस्थिरोगतज्ज्ञांशी शस्त्रक्रियेबद्दल बोलावे आणि त्या भेटीपर्यंत व्यायाम चालूच ठेवावा, कारण शस्त्रक्रियेनंतर उभे राहतानाही याच मांडीचा आधार लागणार असतो.