अंगणातील शेवाळासाठी प्रेशर वॉशर घेताना या चुका टाळा

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि माड-फणसांच्या सावलीत असलेल्या अंगणावर जुलै सरेपर्यंत शेवाळाचा काळपट हिरवा थर बसतो. फाटकापासून दारापर्यंतची वाट निसरडी झाली की वयस्कर माणसे घराबाहेर पडायला कचरतात, वळणावर दुचाकीचे चाक सरकते, आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळे नातलग मूळ घरी जमण्यापूर्वी ही वाट मोकळी करणे भागच असते. ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासण्याचा जुना उपाय कंबर मोडणारा असल्यामुळे आता अनेक घरांत प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याची जोरदार धार मारून धुणारे यंत्र, येऊ लागला आहे. यंत्र उपयोगाचे आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र ते घेताना खोक्यावरचा दाबाचा आकडा तेवढा पाहिला जातो. आपले अंगण कशाचे आहे आणि आपल्या नळाला पाणी किती येते, हे दोन प्रश्न मागे राहतात, आणि पुढच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

आकडा पाहून यंत्र निवडणे

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा कमाल दाबाचा असतो. प्रत्यक्ष धुताना यंत्र ज्या दाबाने चालते तो त्याहून बराच कमी असतो, आणि तो माहितीपत्रकात लहान अक्षरांत दिलेला असतो. त्याच्या शेजारी दर मिनिटाला किंवा दर तासाला किती लिटर पाणी फेकले जाते, हेही लिहिलेले असते. दाबाने शेवाळ जमिनीपासून सुटते, पण सुटलेला चिखल उताराकडे वाहून नेण्याचे काम पाण्याच्या प्रमाणाचे असते. म्हणून मोठ्या अंगणासाठी दोन यंत्रांतून निवड करायची झाल्यास, दाब थोडा कमी असला तरी पाणी अधिक देणारे यंत्र मी निवडेन. घरगुती कामाला चालू स्थितीत शंभर बारच्या (बार हे दाब मोजण्याचे एकक) आसपासचा दाब पुरतो. त्याहून जास्त दाबाची गोव्यातील अंगणांना गरज तर नसतेच, उलट त्याने नुकसान होण्याचा संभव असतो.

मोटरीची चौकशीही इथेच करावी. कार्बन ब्रश असलेली मोटर हलकी आणि स्वस्त असते, परंतु ती मोठा आवाज करते, लवकर तापते आणि तिला मधूनमधून विश्रांती द्यावी लागते. इंडक्शन मोटरीचे यंत्र वजनाने जड आणि किमतीने महाग असले तरी सलग कामाला टिकते. महिन्यातून एकदा गाडी धुणाऱ्याला पहिली मोटर पुरेल. दर पावसाळ्यात लांबलचक वाट आणि सगळे अंगण धुणाऱ्याने दुसरीसाठी पैसे मोजावेत.

चिरा आणि पेव्हर यांना सिमेंटच्या कोब्यासारखे धुणे

आपल्याकडे या चुकीची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. गोव्यातील जुन्या घरांच्या पायऱ्या, कुंपणाच्या भिंती, विहिरीचा कठडा आणि पुष्कळदा तुळशीवृंदावनाचा चौथराही चिऱ्याचा असतो. चिरा, म्हणजेच जांभा, हा सच्छिद्र दगड आहे. त्याचा उघडा पृष्ठभाग हवेने घट्ट झालेला असला तरी आतला भाग मऊ असतो. त्यावर अरुंद धार जवळून मारली की आधी शेवाळ जाते, मग वाहणारे पाणी हिरव्याचे तांबडे होते, आणि पायरीच्या कडेवरून बारीक खडे सुटून खाली जमू लागतात. पाणी तांबडे दिसताच हात थांबवावा, कारण त्या क्षणापासून धुतली जात असते ती पायरीच. कठीण साल निघालेल्या चिऱ्यात पाणी अधिक मुरते आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी शेवाळ आणखी दाट धरते. चिऱ्यावर रुंद फवारा, दोन हात अंतर आणि एका जागी न थांबणारा हात एवढेच चालते. दगड फारच झिजलेला असेल, तर यंत्र बाजूला ठेवून काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशनेच घासावे.

यंत्रासोबत येणाऱ्या तोट्यांचे रंग पुष्कळ ठिकाणी ठरलेले असतात: लाल तोटीची धार शून्य अंशाची, पिवळीची १५, हिरवीची २५ आणि पांढरीची ४० अंशांची. लाल तोटी घरच्या अंगणात वापरूच नये. कोब्यावर हिरवी, चिऱ्यावर आणि पेव्हरवर पांढरी, असा साधा क्रम ठेवावा. तोट्या सुट्या न देता एकच फिरवता येणारी तोटी दिलेली असेल, तर फवारा पूर्ण रुंद करून सुरुवात करावी.

पेव्हर ब्लॉकच्या अंगणात धोका वेगळा आहे. ब्लॉकचे फारसे काही बिघडत नाही, परंतु सांध्यांतली रेती उडून जाते आणि काही आठवड्यांत गाडीच्या चाकाखालचे ब्लॉक हलू लागतात. सांध्याच्या रेषेतून धार न नेता तिरपी न्यावी, आणि अंगण पूर्ण वाळल्यावर बारीक कोरडी रेती पसरून झाडूने सांध्यांत भरावी. पसरट सपाट जागेसाठी जमिनीवरून फिरवायचे गोल झाकणाचे उपकरण मिळते. त्याने फवारा सारख्या अंतरावर राहतो आणि पट्टे उमटत नाहीत. ते आपल्या यंत्राला बसते का, हे खरेदीच्या वेळीच विचारून घ्यावे.

नळाचे पाणी न मोजता यंत्र जोडणे

यंत्राला मिनिटाला सात लिटर पाणी लागत असेल आणि नळातून पाचच येत असेल, तर पंप हवा ओढू लागतो, खडखडतो, धार तुटत-तुटत येते आणि आतले सील लवकर झिजतात. छतावरची टाकी नळापेक्षा तीन मीटर उंच असली, तरी तिच्यापासून मिळणारा दाब जेमतेम ०.३ बार भरतो. त्यात जुन्या पाइपात गाळ साचलेला असेल तर पाणी आणखी मंदावते. खरेदीपूर्वी दहा लिटरची बादली अंगणातल्या नळाखाली ठेवून वेळ मोजावी. ती एका मिनिटात भरली, तर घरगुती यंत्राला पाणी पुरेल. भरली नाही, तर पिंपातून पाणी ओढून घेण्याची सोय असलेले यंत्र निवडावे आणि पिंप यंत्राच्या जवळ, समान पातळीवर ठेवावे. सात लिटरच्या हिशेबाने अर्ध्या तासाला २१० लिटर पाणी लागते, तेव्हा पाचशे लिटरच्या टाकीवर स्वयंपाकघरही अवलंबून असेल तर त्याचा विचार आधीच केलेला बरा. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात रेती व लोहाचा गाळ असतो. पाणी आत येण्याच्या तोंडाशी असलेली जाळी प्रत्येक वापरानंतर काढून धुवावी.

विजेची जोडणी

१८०० वॅटचे यंत्र २३० व्होल्टवर सुमारे आठ अँपिअर वीज घेते, म्हणून ते १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावावे. मोबाइल चार्ज करण्याची बारीक एक्स्टेंशन वायर वापरल्यास वायर तापते, व्होल्टेज उतरते आणि मोटर नुसतीच गुणगुणत राहते. लांब अंतर गाठायचे असेल तर विजेची वायर न वाढवता पाण्याची नळी वाढवावी. ओल्या अंगणात उभे राहून हे काम होत असल्यामुळे घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) आणि चांगले अर्थिंग असल्याची वायरमनकडून खात्री करून घेतल्याशिवाय यंत्र सुरू करू नये.

पायांत रबरी बूट आणि डोळ्यांवर चष्मा असावा. धार कधीही हातापायांवर घेऊ नये. तिने त्वचेत छिद्र पडून पाणी व घाण आत शिरू शकते, आणि बाहेरून जखम लहान दिसली तरी ती गंभीर असू शकते, म्हणून लगेच रुग्णालयात जाऊन ती दाबाच्या धारेने झाल्याचे डॉक्टरांना सांगावे.

यंत्र बिघडल्यासारखे वाटते तेव्हा

धार तुटत असेल तर प्रथम नळी कुठे मुरडली आहे का ते पाहावे, मग जाळी, मग तोटी. तोटीच्या छिद्रात वाळूचा एखादा कण अडकला तरी दाब बदलतो. यंत्र बंद करून तोटी काढावी आणि बारीक तारेने छिद्र मोकळे करावे. सुरू करण्यापूर्वी नळ उघडून, मोटर बंद असतानाच फवाऱ्याच्या बंदुकीचा खटका दाबून धरावा आणि हवेचे बुडबुडे संपून पाणी सरळ येऊ लागल्यावरच मोटर चालू करावी. अनेकांचे ‘दाब येत नाही’ हे गाऱ्हाणे एवढ्यानेच मिटते.

खटका सोडलेला असताना यंत्र आपोआप बंद होते, पण थोड्या-थोड्या वेळाने स्वतःच सुरू होत असेल, तर कुठेतरी दाब गळतो आहे. बंदुकीच्या आणि नळीच्या जोडावर पाण्याचे थेंब दिसतात का ते पाहावे. बहुधा तिथली रबरी रिंग गेलेली असते आणि ती स्वस्तात बदलता येते. बाहेर गळती दिसत नसेल तर आतला व्हॉल्व्ह दुरुस्तीला न्यावा लागतो. म्हणूनच म्हापसा, पणजी, फोंडा किंवा मडगाव, जे जवळ असेल तिथे सुटे भाग आणि दुरुस्ती मिळते का, हे ऑनलाइन स्वस्त यंत्र मागवण्यापूर्वी विचारावे.

काम संपल्यावर नळ आणि मोटर बंद करून खटका दाबावा, म्हणजे नळीत अडकलेला दाब उतरतो. पाणी काढून यंत्र कोरड्या खोलीत ठेवावे आणि महिन्यातून एकदा मिनिटभर पाण्यासह चालवावे. आठ महिने पडून राहिलेल्या पंपाचे सील चिकटून बसतात आणि नेमके चवथीच्या तोंडावर यंत्र हलत नाही.

एकाच जागी शेवाळ पुन्हा येत असेल तर

संततधार सुरू असताना धुतलेले अंगण पुन्हा हिरवे होणारच. त्यात यंत्राचा दोष नाही. परंतु पागोळ्या पडतात ती रेघ, नळाखालचा कोपरा किंवा पाणी साचणारा खळगा दरवेळी सर्वांत आधी हिरवा होत असेल, तर तिथे पन्हळ बसवावी, उतार दुरुस्त करावा आणि ऊन अडवणाऱ्या फांद्या छाटाव्यात. ब्लीचिंग पावडर वापरायचीच असेल तर ती विहिरीपासून आणि झाडांच्या मुळांपासून दूर वापरावी, यंत्राच्या पंपातून सोडू नये, आणि शौचालय साफ करण्याच्या ॲसिडमध्ये कदापि मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.