कॅड-कॅमच्या ओरलला निघण्याआधी

कॅड-कॅम म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन आणि त्यावरून मशीनवर उत्पादन; ओरल म्हणजे त्याची तोंडी परीक्षा. जर्नल पूर्ण झालं, सही मिळाली, म्हणजे तयारी झाली असं समजू नका. सगळ्या बॅचचे प्रिंटआउट सारखेच असतात, हे एक्स्टर्नलना, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांना, तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. ते मॉडेलकडे फारसं बघतही नाहीत. कोरा कागद पुढे सरकवतात आणि म्हणतात, "हं, काढा." म्हणून आधी पेन्सिल, कोरे कागद आणि कॅल्क्युलेटर काढा, लॅपटॉप नंतर उघडता येईल.

सुरुवात ट्रान्सफॉर्मेशनपासून (आकृती सरकवणं, फिरवणं) करा, कारण ओरलही बहुतेक तिथूनच सुरू होते. एखादा त्रिकोण ओरिजिनभोवती, म्हणजे (०, ०) भोवती, न फिरवता (२, २) या बिंदूभोवती ९० अंशांत फिरवायचा, एवढं एकच गणित हाताने सोडवा. तो बिंदू ओरिजिनवर आणायचा, फिरवायचं, परत जागेवर न्यायचं. तीन मॅट्रिक्स. त्यांचा क्रम चुकला की उत्तर भलतीकडे जातं. काही पुस्तकं बिंदू उभ्या रकान्यात लिहितात, काही आडव्या ओळीत, आणि त्यानुसार गुणाकाराचा क्रम उलटतो. दोन पुस्तकांची खिचडी करू नका. पडताळा सोपा आहे: मिळालेल्या एकत्र मॅट्रिक्समध्ये (२, २) घालून बघा, तो जागचा हलता कामा नये.

मग बेझिअर वक्र, म्हणजे काही कंट्रोल पॉइंटनी ठरणारी गुळगुळीत रेषा. (०, ०), (८, १६), (१६, १६), (२४, ०) हे चार कंट्रोल पॉइंट घ्या आणि मधला, म्हणजे यू बरोबर ०.५ चा बिंदू काढा. चार बिंदूंचं वजन अनुक्रमे १/८, ३/८, ३/८, १/८. बेरीज १ होते, उत्तर (१२, १२) येतं. वक्र फक्त पहिल्या आणि शेवटच्या बिंदूतून जातो आणि मधला एक बिंदू हलवला तरी अख्खा वक्र हलतो, हे एकदा कागदावर दिसलं की बी-स्प्लाइन (ज्यात बिंदू हलवला की वक्राचा जवळचाच भाग हलतो) कशासाठी लागला ते पाठ करावं लागत नाही. (बेझिअर रेनोमध्ये होते. सित्रोएनमध्ये द कास्तेल्जो १९५९ मध्येच याच वक्रापाशी पोहोचले होते, पण कंपनीने ते गुपित ठेवलं. नाव बेझिअरचं झालं.)

एफईएला (भागाचे छोटे तुकडे पाडून त्यावरचा ताण काढण्याची पद्धत) एका बारचं, म्हणजे सरळ दांड्याचं, गणित पुरे. फक्त एककं सांभाळा: २०० गिगापास्कल म्हणजे २ लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. शेवटी रिअॅक्शनची, म्हणजे आधारांवरच्या उलट बलांची, बेरीज लोडइतकी येते का, ते बघा.

आता पेनड्राइव्ह. घरच्या लॅपटॉपवर नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली सॉलिडवर्क्सची (थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरची) फाइल लॅबच्या जुन्या आवृत्तीत उघडेल या भरवशावर राहू नका. सोबत स्टेप फाइल (कुठल्याही कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी) आणि ड्रॉइंगची पीडीएफ ठेवा. स्टेपमध्ये आकार येतो, फीचर ट्री (मॉडेल कसं बनवलं त्या पायऱ्यांची यादी) येत नाही, त्यामुळे "हा फिलेट (गोलवलेला कोपरा) बदलून दाखवा" म्हटलं की पंचाईत होते. म्हणून मूळ फाइल लॅबमध्येच एकदा बनवून ठेवलेली बरी. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातलं प्रोजेक्शनचं चिन्हही तपासा. एसपी ४६ या भारतीय ड्रॉइंग मानकाप्रमाणे आपल्याकडे फर्स्ट अँगल (दृश्यं मांडण्याची एक पद्धत), आणि टेम्प्लेट अमेरिकन असेल तर तो गुपचूप थर्ड अँगल लावून मोकळा होतो.

सगळ्यात जास्त वेळ सीएनसीला, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनला, द्या. लेथवर जास्तीचा माल थरथराने काढणाऱ्या जी ७१ आज्ञेच्या दोन ओळींत 'यू' दोनदा येतो आणि दोन्हींचा अर्थ वेगळा: पहिल्या ओळीत एका कटची खोली, तीही त्रिज्येवर; दुसऱ्या ओळीत फिनिशिंगसाठी ठेवलेला माल, तो व्यासावर. निम्मी बॅच इथेच अडकते. जी ९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारी आज्ञा) लावलं तर जी ५० ने आरपीएमला मर्यादा का घालायची, ते आकड्यांत सांगता आलं पाहिजे. कटिंग स्पीड मिनिटाला १५० मीटर धरला तर ५० मिमी व्यासावर साधारण ९५५ आरपीएम होतात, १० मिमीवर ४,७७५. फेसिंग, म्हणजे जॉबचं तोंड सपाट, करत टूल मध्यापाशी जाईल तेव्हा चक (जॉब पकडून फिरवणारा भाग) काय करेल, याचा विचार करा.

आणि दशांश चिन्ह. मी पहिल्या प्रोग्राममध्ये एक्स ५० पुढे टिंब द्यायला विसरलो. लॅबच्या जुन्या कंट्रोलने ते ५० मायक्रॉन वाचलं आणि टरेट (टूल धरणारा भाग) रॅपिडमध्ये, म्हणजे पूर्ण वेगात, थेट सेंटरकडे निघाला. चकमध्ये जॉब नव्हता, म्हणून टूल ठोकलं नाही. पण लॅब असिस्टंट काकांनी जे ठोकलं ते अजून आठवतं. तेव्हा आधी सिम्युलेशन, मग जॉबशिवाय ड्राय रन, मग सिंगल ब्लॉक (एका वेळी प्रोग्रामची एकच ओळ) लावून आणि फीडचा नॉब खाली ठेवून पहिला कट. हात इमर्जन्सी बटणाजवळ.

कपड्यांचं थोडक्यात: बूट, अर्ध्या बाह्या, केस बांधलेले, ओढणी आणि हातमोजे बाहेर. हॉल तिकीट, आयडी, जर्नल आदल्या रात्रीच पिशवीत टाका. आणि डबा न्या. नंबर रोल नंबरने लागतात. आडनाव 'वाय' किंवा 'झेड'ने सुरू होत असेल तर तुमची पाळी संध्याकाळी पाचला यायची.